अण्णाचं डांबर

वैनीचा फोन आला तेव्हा मी मेलकावेरीतल्या घरी अण्णासाठी हॉस्पिटलात न्यायची पेज डब्यात भरत होते. "नको आणूस," एवढंच ती म्हणाली. झाकण हातात तसंच धरून मी खाली बसले... थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजला. वाटलं, वैनीच असेल. तर आमचा मामेभाऊ वेंकोजी. घरच्या ग्रुपवर त्यानं संदेश टाकला होता. अण्णाचा हसरा फोटो, भोवती फुलांची चौकट आणि खाली मजकूर : कधीही आवाज न चढवणारे, शांत, मनमिळाऊ असे आमचे माधवअण्णा.

भाऊ गेल्याचं रडू यायच्या आधी मला संताप आला. माझा थोरला भाऊ शांत नव्हता. भांडखोर होता, तिरसट होता, रस्त्यावर उभा राहून ओरडायचा. आणि गेली काही वर्षं तो सगळ्यात जास्त ज्याच्यावर ओरडला, तोच हे लिहीत होता.

इकडे तंजावर भागात, स्वामीमलैच्या वाटेवर, तिरुवलंचुळीच्या अलीकडे आमच्या मामाचं लॉज आहे, आणि त्याला लागून मंगल कार्यालय. अण्णा बी.कॉम. होऊन तिथं मॅनेजर झाला आणि जाईपर्यंत मॅनेजरच राहिला. खोल्यांच्या किल्ल्या, लग्नांच्या तारखा, मोटार बिघडली तर मिस्त्री, अस्कं त्याच्याकडे. अस्कं म्हणजे सगळं. आम्हा तंजावरी मराठी लोकांच्या घरात अजून असंच बोलतात. मी नोकरीनिमित्त पुण्यात काही वर्षं काढली, तेव्हा माझं 'अस्कं' ऐकून बायका हसायच्या. अण्णाला हे सांगितलं तर तो पुण्यावरही चिडला होता.

पण त्याचा जीव होता लॉजपुढच्या डांबरी पार्किंगवर. लोकांना याचं हसू यायचं. दगड-डांबराच्या मोकळ्या जागेला कुणी एवढा जीव लावतं का? त्यामागं एक गोष्ट होती. तो नवा असताना सोलापूरकडून नवग्रहांच्या दर्शनाला आलेली एक म्हातारी बसमधून उतरली आणि पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात तिचा पाय गेला. खुब्याचं हाड मोडलं. तिच्या बरोबरच्यांपैकी कुणाला तमिळ येत नव्हतं, म्हणून अण्णाच हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसला. ती त्याला एका शब्दानं बोलली नाही. उलट आपलंच चुकलं असावं अशा आवाजात तिनं विचारलं, "बाळा, तिथं खड्डा होता का रे? मला वाटलं, नुसतं पाणी सांडलंय." घरी आल्यावर अण्णानं जेवणाचं ताट लोटलं. "मज दिसत होता गं तो खड्डा," तो म्हणाला, "रोज दिसत होता."

त्यानंतर तो बदलला. रस्त्याच्या कामावरचा त्याचा एक इंजिनिअर मित्र होता, त्याला धरून सगळं विचारून घेतलं. डांबराचं खरं वैर पाण्याशी. केसाएवढी भेग पडली की पाणी आत उतरतं, खालची खडी सुटते, वरून गाडी गेली की तिथं खड्डा. म्हणून उन्हाळ्यात भेगा झाडून, धूळ काढून त्यांत गरम डांबर ओतायचं, वर वाळू टाकायची. खड्डा नुसता बुजवायचा नाही. सडकं सगळं चौकोनी कापून काढायचं, कोरडं करायचं, मगच भरायचं. आणि सगळ्यात आधी नाली मोकळी. आमचा मोठा पाऊस ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या आसपास येतो. त्याच्या आत हे सगळं व्हायलाच हवं. मामा कुरकुरायचे, पण करू द्यायचे. अण्णाच्या तोंडाला लागण्यापेक्षा ते सोपं होतं.

त्याची खरी लढाई मांडववाल्यांशी. लग्न आलं की ते पहारी घेऊन यायचे आणि डांबरात भोकं पाडून त्यात बांबू रोवायचे. लग्न उरकलं की बांबू घेऊन जायचे, भोकं तिथंच. एकदा एका बड्या घरचं लग्न होतं. अण्णा पहारीपुढं जाऊन उभा राहिला. "माझ्या पायात मार आधी," तो तमिळमध्ये ओरडला. मुलीचे वडील धावत आले, मुहूर्ताच्या घरात हे काय चाललंय म्हणून. अण्णा त्यांना म्हणाला, "तुमच्या मुलीचं लग्न एक दिवसाचं. ही भोकं वर्षभराची. बांबूला वाळूचे डबे देतो, त्यात उभे करा." आणि स्वतः डबे उचलून आणू लागला. मांडव डब्यांवर उभा राहिला, लग्न लागलं. जेवणाच्या पंगतीत मुलीच्या वडिलांनी त्याला हाताला धरून बसवलं, तेव्हाही याचं तोंड फुगलेलंच...

मामा गेले आणि सगळं वेंकोजीकडे आलं. वेंकोजी अण्णापेक्षा बराच लहान, अण्णाच्या खांद्यावर बसून देऊळ बघितलेला. त्याला लॉज 'दिसायला' चांगलं हवं होतं. फोटो काढायला दारात रंगीत फरशीचा चौथरा आणि त्यावर मोठी कमान त्यानं बांधायला घेतली. नेमकी नालीवर. त्या दिवशी मी तिथंच होते. वैनीला घेऊन गेले होते, म्हणून ते भांडण मी स्वतः ऐकलं.

"हे पाणी जाईल कुठे?" अण्णानं विचारलं.

"अण्णा, लोक वर बघतात, खाली नाही."

"खाली न बघणाऱ्याचेच पाय मोडतात."

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत म्हातारीच दिसते," वेंकोजी हसून म्हणाला. त्याच्या सोबतचे लोकही हसले.

अण्णा तिथं जे बोलला ते इथं छापता येणार नाही. कमान झाली. त्या उन्हाळ्यात भेगा भरायलाही वेंकोजीनं नकार दिला. पुढं सगळंच नवं करू म्हणाला. मांडववाले पुन्हा पहारी घेऊन येऊ लागले. वैनी रोज सांगायची, सोडा ती नोकरी. मीही सांगितलं. तर आमच्यावरच खेकसला, "मी सोडली तर गाडीतून उतरणारे उतरायचे थांबणार आहेत काय?"

ऐप्पसीचा पाऊस आला आणि पार्किंगचं तळं झालं. पाऊस थांबला, पण पाणी हललं नाही. खड्ड्याखड्ड्यात, बांबूच्या भोकाभोकात साचून राहिलं. अण्णा लुंगी खोचून त्यात उभा राहायचा. भाविकांना हाताला धरून पलीकडे न्यायचा, बाकी वेळ बादलीनं पाणी उपसायचा. त्याला ताप आला तो तिथंच. डेंग्यू निघाला. लॉजमधल्या आणखी दोघांना झाला, ते वाचले.

मी शेवटची भेटले तेव्हा त्याला धड बोलवत नव्हतं. तरी त्यानं विचारलंच, "नाली उघडली काय?" मी नाही म्हणाले. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. माझ्याशी नाही, कुणाशीच पुन्हा बोलला नाही.

दहाव्याला मी वेंकोजीला सगळ्यांसमोर म्हणाले, "त्या पाण्यानं मारलं त्याला." तो चिडला नाही. समजूत घालणाऱ्या आवाजात म्हणाला, "अक्का, डासाला पत्ता असतो काय? घरात चावला असेल, बाजारात चावला असेल." आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मलाही ठाऊक आहे की हे सिद्ध करता येत नाही. डॉक्टरही तेच म्हणाले. पण सिद्ध करता येत नाही याचा अर्थ घडलं नाही असा होत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड होतो तो याच जागी. ज्यांनी नाली बुजवली त्यांना झोप लागते, आणि जो ओरडत होता त्याला ते 'शांत' म्हणून हार घालतात.

पुढचं ऐका. पोंगल झाल्यावर लग्नांचा हंगाम सुरू व्हायच्या आत वेंकोजीनं पार्किंगवर नवं डांबर टाकलं. टाकलं म्हणजे काय, खड्ड्यातला चिखलही न काढता वरून पातळ थर ओतला आणि रोलर फिरवला. काळंभोर, गुळगुळीत, फोटोत सुरेख. मग आम्हाला बोलावलं. कमानीशेजारी पाटी लावायची होती : माधवराव स्मृती वाहनतळ. वैनीनं पाटीवरचा पडदा ओढायचा, अशी व्यवस्था. एवढा मोठा मान.

वैनी चौथऱ्याजवळ गेली. खाली वाकून बघितलं. "नाली?" तिनं विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू, वैनी. आता कमान तोडली तर..."

"मग नाव पण पुढच्या वर्षी."

"वैनी, लोक जमलेत."

"जमू देत." ती तिथंच, पाटीला पाठ लावून उभी राहिली. भटजी, फोटोवाला, मांडववाले, सगळे बघत राहिले. शेवटी वेंकोजीनंच एकाला खूण केली आणि पाटी उतरली. नाली आजही बंद आहे. अवेळी एक सर येऊन गेली तर नव्या डांबराचे पापुद्रे सुटले, हे मला परवा मांडववाल्यानंच सांगितलं. सांगताना त्यानं मान खाली घातली होती. मला त्याची दया आली नाही.

गेल्या आठवड्यात मी आणि वैनी तिरुनागेश्वरम्‌ला गेलो. देवळाबाहेर उन्हात डांबर मऊ झालेलं. यात्रेची एक बस उभ्या जागी थांबून नुसतंच स्टिअरिंग फिरवत होती. पुढच्या चाकांखाली डांबर पिळलं जाऊन त्याचा लगदा होत होता. मी पुढं निघाले, आणि मागं ओरडणं ऐकू आलं. वैनी बसच्या दारावर तळहात आपटत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला ओळखते. माळ्यावरच्या मांजरालाही ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती. "आधी गाडी हलव, मग चाक वळव!" ती तमिळमध्ये ओरडत होती. "उभ्यानं वळवतोस? उद्या इथं खड्डा पडेल, त्यात कुणाची आई पडेल, तू येणार आहेस उचलायला?"

ड्रायव्हरनं घाबरून गाडी पुढं घेतली. मग खिडकीतून डोकं काढून विचारलं, "अम्मा, तुम्ही देवळाच्या ऑफिसातल्या काय?"

आमच्यात जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. वैनीच्या तोंडून मी ते कधी, अगदी हॉस्पिटलात नाव नोंदवायच्या खिडकीवरही ऐकलं नव्हतं. तिथं मीच पुढं होऊन सांगितलं होतं.

"माधवराव," ती म्हणाली. "माधवरावाची बायको मी."

त्या ड्रायव्हरला काय कळणार? तरी त्यानं मान हलवली, आणि चाकं सरळ केली.