नानांचं नामघर

आमच्या शेजारच्या नानांइतका माणसांचा भुकेला माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका माणसांनी टाळलेलाही. टेलिफोन खात्याच्या नोकरीत त्यांची अठरा वर्षं आसामात गेली. तिथल्या एका खेड्यातल्या नामघरात, म्हणजे गावाच्या सामायिक प्रार्थनाघरात, ते पाचशे वर्षांपूर्वीची भक्तिपदं शिकले आणि निवृत्तीनंतर जळगावात पिंप्राळ्याला घेऊन आले. नामघरात मूर्ती नसते, पोथीपुढे बसायचं; एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवत ती उचलायची. ही पदं एकट्याने म्हणणं नानांना पाप वाटे. म्हणून ते माणसं धरत. धुळ्याच्या एसटीत शेजारच्याकडून पारोळा येईपर्यंत दोन ओळी पाठ करून घेत. एक गृहस्थ पारोळ्यालाच उतरले, तिकीट धुळ्याचं असून. आसामी 'स' घशातून काढायचा असतो, हे ते भाजीवालीला शिकवत होते, तर घसा बसलाय समजून तिने आल्याचा तुकडा दिला. नानांनी तो खाल्ला आणि पुन्हा 'स' काढून दाखवला.

कॉलनीच्या भजनी मंडळात त्यांनी दर मंगळवारी एका पदापुरती जागा मागितली. तीन मंगळवार लोकांनी हसत हसत म्हटलं. चौथ्या वेळी अध्यक्ष म्हणाले, "नाना, आपल्या देवाला आपली भाषा कळते."

"देव काय पिंप्राळ्याचा रहिवासी शे?" नानांनी शांतपणे विचारलं.

त्यांना येऊ नका सांगायचं ठरलं, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. अध्यक्षांशी वाकडं नको, एवढंच कारण.

मग नाना ओट्यावर एकटेच म्हणू लागले. मी भिंतीअलीकडे पेपर वाचत ऐकायचो. तीन वर्षं ऐकलं.

या पौषात ते गेले. त्यांच्याच अंगणात शोकसभा झाली. अध्यक्षांनी त्यांना 'खान्देशात आसामची भक्तिगंगा आणणारे' म्हटलं आणि एखादं पद कोण म्हणेल, असं विचारलं. सगळे खाली बघू लागले.

लोक पांगल्यावर मी आत नानांच्या पत्नीकडे गेलो. "अक्का, त्यांची पदांची वही देता? ऐकून ऐकून मला थोडं येतं."

"तुमले येस?" अक्का बघत राहिल्या. "मंग एक दिन त्यासनाजोडे बसाले काय व्हयनं व्हतं?"

मग त्यांनीच पाट सरकवला. "बसा. म्हना जे येस ते."

मी अडखळत तीन ओळी म्हटल्या. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या, आणि चुकलं तिथे हलकेच दुरुस्त करत होत्या.