छाती दाखवायला गेलो, डॉक्टरांनी आईचं तोंड तपासलं

घरी आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहून राहिलो.

आईला धाप लागते म्हणून आज तिला चिचगडवरून गोंदियाला हार्टच्या डॉक्टरांकडे नेलं. हृदयाची एक झडप खराब आहे, ऑपरेशन लागेल, म्हणाले. मग टॉर्च घेऊन त्यांनी तिला तोंड उघडायला लावलं. हिरड्या सुजल्या होत्या, रक्त येत होतं.

"दुखणं छातीचं, दात कायले पाहून राहिले जी?" आई म्हणाली.

"हिरड्यांतले जंतू रक्तात शिरून खराब झडपेवर बसू शकतात. आधी दातांचा इलाज करा."

हिरड्या ठणकल्या की आई गुडाखू घासते. तंबाखूची ती काळी पेस्ट लावली की दुखणं कळत नाही, म्हणून दिवसातून चारदा, कित्येक वर्षांपासून.

"कोण आणून देते?" डॉक्टरांनी विचारलं.

आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दुकानात भेटते," म्हणाली.

दर आठवडी बाजारातून डबी मीच आणतो. कालची अजून गाडीच्या डिक्कीत आहे, आणि आईनं ती दोनदा मागितली.

तुमच्या घरी कोण आणून देते?