दोन बोटं सरकलेला टप

गाड्यांचा पत्रा ठोकणाऱ्या सुतळ्याच्या शेडमध्ये भिंतीला एक टेप लटकतो. पिवळाधमक, पाच मीटरचा, अजून पाकिटातून बाहेर न आलेला. त्याच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, आणून दिलेला. त्याच्या शेजारी खिळ्यांना दीड-दोनशे सुतळ्या लोंबतात, एकेकीला दोन-चार गाठी. ज्या ज्या गाडीचा पत्रा त्यानं ठोकला, तिचं माप तिथं आहे. कुठली सुतळी कुठल्या गाडीची हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. खरं नाव मात्र त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं.

टेप का वापरत नाही म्हणून मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, "टेपवरचा आकडा डोळ्यानं वाचायचा, डोक्यात ठेवायचा, कागदावर लिहायचा, मग पत्र्यावर उतरवायचा. चुकायला चार जागा. सुतळीत आकडाच नाही, तर चुकेल काय?"

सुतळीला दोन टोकं असतात, आणि दुसरं टोक धरायला माणूस लागतो. त्याच्या शेडसमोर घर घेतल्याची शिक्षा म्हणून ते टोक इतकी वर्षं माझ्या हातात आहे. त्या शनिवारीही होतं.

आक्का नळकामाची कंत्राटं घेते. तिचा जुना पिकअप, चालवणार तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी. सोमवारी सकाळी आठला तिला एका वसतिगृहावर वीस-वीस फुटी पाइप पोचवायचे होते. मागच्या कामाला पाइप हौद्यातून मागं लोंबकळत नेले, वाटेत वाकले, आणि तिथल्या साहेबानं ते फाटकातूनच परत पाठवले. या वेळी साहेब तोच. "एक जरी वाकडा निघाला तर काम दुसऱ्याला," असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं. तेव्हा पाइप टपावरून न्यायचे, आणि त्यासाठी टपाला कॅरियर हवा.

सुतळ्यानं पिकअपच्या टपाची लांबी-रुंदी सुतळीवर घेतली आणि भंगारवाल्याकडं गेला. तिथं एका मोडीत निघालेल्या व्हॅनच्या डोक्यावर कॅरियर सापडला. चौकट भक्कम, चार पाय, प्रत्येक पायाला टपाच्या कडेच्या पन्हाळीत चावून बसणारा आकडा. सुतळी लावली तर गाठीला गाठ. सुतळ्या असा खूश, जणू तो कॅरियर याच टपासाठी जन्माला आला होता.

शनिवारी दुपारी आम्ही तो वर चढवला. मागचे दोन पाय पन्हाळीत टक्कन बसले. पुढचा डावा पाय पन्हाळीच्या बाहेर हवेत, आणि पुढचा उजवा थेट टपावर चढलेला.

"ढकला," दाजी म्हणाले.

ढकलला. पुढचे बसले तर मागचे उठले.

आक्का कमरेवर हात ठेवून बघत होती. "सुतळ्या, किती चुकलं?"

"दोन बोटं."

"बोटं मोज आता! शंभरदा सांगितलं, टेप घे म्हणून. भंगारवाला तिथं पाइपनं पाणी मारत होता म्हणालास ना? सुतळी भिजली असणार. भिजली की आटते."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. सुतळ्याचे डोळे चमकले. "आटते? किती?"

त्यानं नवी सुतळी काढली, दोन गाठी मारल्या, बादलीत बुडवली, पिळली, माझ्या हातात एक टोक दिलं. खरंच आटली होती. मग म्हणाला, वाळल्यावर परत सैल होते का बघू. ती वाळेपर्यंत तो पंख्यासमोर धरून उभा. अर्धा तास गेला. आक्काचा पारा टपाच्या वर.

"मला सोमवारी पाइप न्यायचेत, आणि हा सुतळी वाळवतोय! उद्या दुसरीकडं जाते मी. आणि तो टेप जाताना तुझ्या गळ्यात बांधते."

"जा की," सुतळ्या म्हणाला. "पण आक्का, सुतळी आटली असती तर चारही पाय आत राहिले असते. इथं एक आत, एक बाहेर. टपाची लांबी आत्ता परत घेतली, बरोबर. रुंदी बरोबर. मग बसत का नाही?"

हे तो आम्हाला विचारत नव्हता. तो गाडीला विचारत होता. दोनदा प्रदक्षिणा घातली, पुढून वाकून बघितलं. मग मला म्हणाला, "टोक धर. कोनाकोनी."

आधी कॅरियर खाली घेऊन मापला. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत गाठ, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांना तीच सुतळी. गाठीवर गाठ आली. म्हणजे कॅरियर काटकोनात. मग टपाला तसंच केलं. एक कोन झाला, दुसऱ्या कोनाला गाठ तीन बोटं पुढं गेली.

सुतळ्यानं सुतळी परत एकदा ताणून बघितली.

"टपच तिरका आहे," सुतळ्या हळू आवाजात म्हणाला. रागानं नाही, नवा पक्षी दिसल्यासारखा.

"कारखान्यातूनच तसा आला असेल," दाजी लगेच म्हणाले. एरवी दाजींना प्रत्येक वाक्याआधी तंबाखू मळायला लागतो. आत्ता उत्तर तयार होतं.

सुतळ्या भिंतीपाशी गेला. नऊ वर्षांपूर्वी, गाडी नवी असताना, त्यानं तिच्या काचेवर उन्हाची पत्र्याची टोपी करून बसवली होती. टोपी बसवताना टपाचं कोनाकोनी माप बघावंच लागतं. कोपऱ्यातल्या एका खिळ्यावरून त्यानं धुळीनं काळी पडलेली सुतळी काढली आणि आक्कासमोर धरली.

"ही तुझ्या गाडीची. दोन्ही कोनांना मिळून एकच गाठ आहे. नऊ वर्षांत आटली असेल, सैल पडली असेल, मला माहीत नाही. पण एकच गाठ म्हणजे दोन्ही कोन तेव्हा सारखे. गाडी सरळ आली होती आक्का. नंतर कधीतरी टपाचा पुढचा भाग दोन बोटं उजवीकडं सरकलाय. म्हणजे डावीकडनं काहीतरी लागलंय. जोरात."

आक्कानं सुतळीकडं बघितलं, मग डाव्या दाराकडं. त्या दाराला वेग घेतला की शिट्टी वाजते. सहा वर्षं ती फटीत फडकं कोंबून त्या सीटवर बसते. विचारलं की दाजी म्हणत, जुनी गाडी आहे, गाते.

मग तिनं दाजींकडं बघितलं. दाजी खाली वाकून टायर दाबत होते.

"हवा बरोबर आहे," ती म्हणाली. "उठा. गाडी कुठं आपटलीत?"

"आपटली नाही."

"मग पडली?"

"पडली म्हणजे... टेकली होती जरा. डाव्या कुशीवर."

"किती वेळ?"

दाजींनी अंदाज घेतला. "दुपारभर."

मी सुतळीचं टोक सोडलं नाही, पण तोंड दुसरीकडं वळवलं. मग दाजींनी एकेक सांगितलं. ओढ्याच्या उतारावर, सहा वर्षांपूर्वी, रिकामी गाडी हळूच कलंडली होती. दाजी वरच्या दारातून बाहेर आले, चार माणसं गोळा केली, ओंडके लावून ती उभी केली, आरसा बदलला, दार ठोकून घेतलं आणि रंगवून घरी आणली.

"तुम्ही मला सांगितलंत, उन्हानं रंग गेलाय म्हणून रंगवली!"

"रंग गेलाच होता की," दाजी म्हणाले.

"आणि दार कुणाकडनं ठोकलंत?" हा प्रश्न सुतळ्याचा. त्याचा आवाज पहिल्यांदाच दुखावल्यासारखा आला. "दुसऱ्याकडनं? त्यानं कोनाकोनी बघितलंच नाही!"

आक्कानं दोघांना गप्प केलं. सोमवार काही थांबणार नव्हता. केबिन उतरवून सरळ करायची तर आठवडा जाणार, काचा फुटणार त्या वेगळ्या.

"दोन रस्ते आहेत," सुतळ्या म्हणाला. "पहिला, कॅरियर टपाप्रमाणं तिरका करतो. दिसायला फक्कड दिसेल. पण इथली दोन बोटं वीस फुटी पाइपच्या टोकाला वीतभर होतात. पाइप रस्त्याच्या मध्याकडं तोंड करून जातील, समोरून येणाऱ्याच्या आरशाला लागतील. दुसरा, मागचे पाय आहेत तिथं ठेवतो, पुढच्या दोघांना लोखंडी पट्ट्या जोडून पन्हाळीत बसवतो. कॅरियर चाकांच्या रेषेत राहील. पाइप सरळ. पण बघणाऱ्याला वाटेल, कॅरियरच तिरका बसवलाय."

"लोक तुझ्या नावानं बोंबलतील," आक्का म्हणाली.

"बोंबलतील."

तिनं हात झटकला. "पाइप सरळ जाऊ देत."

रविवारी दिवसभर काम चाललं. पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, आकड्यांखाली रबर घातलं. शेवटी हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या मध्यापासून बॉनेटच्या मध्यापर्यंत सुतळी ताणली. एक टोक माझ्याकडं, दुसरं दाजींकडं, मधे सुतळ्या एक डोळा मिटून. कॅरियरचा मध्य सुतळीखाली बरोबर आला, आणि खाली टप दोन बोटं बाजूला सरकलेला उघडा पडला. समोरून बघितलं तर टोपी बाजूला सरकवून बसलेल्या माणसासारखी गाडी दिसत होती.

सोमवारी आठच्या आत पाइप पोचले. साहेबानं एकेक जमिनीवर लोळवून बघितला आणि सही केली. परतताना पेट्रोलपंपावर एक ट्रकवाला म्हणाला, "बाई, तुमचा कॅरियर कुणा आंधळ्यानं बसवलाय का?"

आक्का दाजींकडं वळली. "सांगा."

हीच त्यांची शिक्षा ठरली. कॅरियरबद्दल कुणी विचारलं की गाडी कशी टेकली हे दाजींनी पहिल्यापासून सांगायचं. पहिल्या दोन वेळा ते खाली बघून बोलले. आता महिना झालाय. आता ओढ्याला पाणी आलेलं असतं, चार माणसांची दोन झालेली असतात, आणि एखादा विचारायचा राहिला तर दाजी स्वतःच काच खाली करून म्हणतात, "कॅरियरकडं बघताय ना?"

सुतळ्याची दोन गिऱ्हाइकं तो कॅरियर बघून दुसरीकडं गेली. त्याला सांगितलं तर "जाऊ देत" म्हणाला आणि खिळ्यावरच्या त्या जुन्या सुतळीला त्यानं नवी सुतळी बांधली, दोन कोनांच्या दोन वेगळ्या गाठींची. आक्का आली तेव्हा दोन्ही सुतळ्या बोटांत धरून बघत बसली होती. टेपचा विषय तिनं काढला नाही.

काल संध्याकाळी सुतळ्यानं रस्त्यापलीकडून मला हाक मारली. सुतळीचा नवा गुंडा काखेत, दाजी पिकअपमध्ये बसलेले.

"चल, ओढ्यावर जायचंय," तो म्हणाला. "दारामागचा डावा खांब चेपलाय तो गोल चेपलाय. उतारावरच्या मातीनं गोल चेपा पडत नाही. खाली दगड असणार. केवढा होता ते बघू."

डाव्या सीटवर मीच बसलो. गाडीनं वेग घेतला तशी कानाशी शिट्टी सुरू झाली, आणि सुतळ्या हौद्यातून ओरडला, "फडकं कोंबू नको! कुठून येते ते ऐकू दे!"