माझ्या संचाची लाईट

असोद्याला आमच्या नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी आहे. तिथे दळणाचा क्रम ठरलेला असतो: आधी गहू, मग ज्वारी-बाजरी, सगळ्यात शेवटी कळणा. कळण्यात ज्वारीबरोबर काळे उडीद असतात. त्याच्या मागोमाग कुणाचे गहू टाकले तर पोळ्या काळपट होतात आणि गावभर बोंब होते. एकाचं पीठ दुसऱ्याच्या डब्यात जाऊ द्यायचं नाही, यात नानांचं आयुष्य गेलं.

मी नोकरीला होतो नशिराबादच्या पुढे, कोळशावरच्या वीज केंद्रात, सगळ्यात जुन्या वीजनिर्मिती संचावर. संच साधारण माझ्याच वयाचा. नळ्या त्याच्या फुटायच्या, गुडघे माझे दुखायचे. नवे संच स्वस्तात वीज देतात, म्हणून आमचा एरवी थंड ठेवलेला असे. उन्हाळ्यात केळीच्या बागांना पाणी देणाऱ्या मोटारी आणि घरोघरचे कूलर एकदम सुरू झाले की वरून फोन येई, पेटवा. थंड बॉयलर तापून वीज द्यायला जवळजवळ दिवस जाई. कधी कधी आम्ही घामाघूम होऊन तयार झालो की दुसरा फोन येई, आता गरज नाही. पाहुणे निघून गेल्यावर पुरण शिजावं, तसं व्हायचं.

नानांची समजूत अशी की माझ्या टेबलापासून निघालेली तार थेट गिरणीत येते. मी समजावलं की सगळ्या केंद्रांची वीज एकत्र होते, कुणाची कुठे गेली ते कुणालाच सांगता येत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे तुमच्याकडे डब्यांवर कुणाचं लक्षच नसतं का?

मग एका दुपारी त्यांचा फोन आला. "भाऊ, लाईट गेली. जरा पाह्य बरं."

मी घाईत होतो. बघतो, म्हणालो आणि विसरलो. दहा मिनिटांत गावातल्या वायरमनने खांबावरचा फ्यूज बसवला. नानांनी मात्र गिऱ्हाइकांना सांगून टाकलं की मुलाने पाठवली. तेव्हापासून गावात लाईट आली की श्रेय माझं आणि गेली की चूक माझी. मी कधी खुलासा केला नाही, आमचा संच बहुतेक दिवस थंडच असतो हेही नानांना सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

यंदा संच कायमचा बंद करायचा हुकूम आला. शेवटच्या दिवशी तो चालू होता, बंद करायचं बटण मीच दाबलं. माझी नजर फ्रिक्वेन्सीच्या काट्यावर होती, वीज कमी पडली की तो खाली सरकतो. तो पन्नासवर होता, तो पन्नासवरच राहिला. जरासा हलला असता तर बरं वाटलं असतं. मला फार वाईट वाटलं. कुणीतरी पेढे आणले होते, त्यातले दोन खाल्ले.

मोटारसायकलवरून घरी येताना डोक्यात एकच धास्ती होती. गिरणी चालूच असणार. ती चालू आहे म्हटल्यावर नानांना कळणार की इतकी वर्षं ती माझ्या लाईटवर चालतच नव्हती.

गिरणी चालूच होती. दोघी बायका डबे घेऊन बाकावर बसल्या होत्या. त्या आवाजात मला ओरडूनच सांगावं लागलं की आमचा संच बंद झाला, कायमचा.

"कव्हा?" नानांनी विचारलं.

"सकाळी नऊला."

नानांनी फिरणाऱ्या पट्ट्याकडे पाहिलं. घातलेलं दळण पुरतं उतरू दिलं, डबा झाकला आणि गिरणीचं बटण बंद केलं. हात झटकले आणि बाकाकडे वळले.

"लाईट गेली, अक्का. बसा जराशा."

वर बल्ब जळत होता, पंखा गरगरत होता. दोघींनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. थोरलीने मांडीवरचा डबा खाली ठेवला आणि पदराने वारा घेऊ लागली.