शेवटच्या शिटापर्यंत

गोड आवाजाचा मला कंटाळा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. पंचवीस वर्षं मी स्पीकर भाड्यानं देतोय. बारशापासून साठीच्या सत्कारापर्यंत सगळ्यांचे आवाज माझ्या मिक्सरमधून गेले, आणि त्यातले निम्मे काकवीसारखे होते. कानाला चिकटतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा होता तेही आठवत नाही. बाई गायला उभी राहिली की लोकांचं पहिलं वाक्य ठरलेलं, 'काय गोड गळा आहे.' गळा आहे की बुंदीचा लाडू?

प्रीती कांबळेचा गळा गोड नाही. ती आमच्या गडमुडशिंगीची, एसटीत कंडक्टर, कोल्हापूर-चंदगड गाडीवर. वय अडतीस, नवरा एमआयडीसीत, मुलगा दहावीला. रविवारी सुट्टी मिळाली की माझ्या गोडाऊनमध्ये, रचून ठेवलेल्या स्पीकरांच्या मधल्या जागेत उभी राहून ती रॉक गाते. भाऊ संघर्ष गिटार वाजवतो आणि चुलतभाऊ प्रसेनजीत ड्रम. प्रसेनजीत आधी जयंतीच्या मिरवणुकीत ताशा बडवायचा, त्यामुळे हळू वाजवणं म्हणजे काय हे त्याला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. गोडाऊनचं भाडं मी घेत नाही. घेतलं तर ऐकायला हक्कानं बसता येणार नाही.

तिला हा नाद लागला चंदगड डेपोत. परतीच्या फेरीला तास-दीड तास असायचा. संघर्षनं फोनमध्ये काहीबाही भरून दिलेलं. डबा खाता खाता तिनं अमेरिकेची रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन ऐकली आणि घास हातातच राहिला. "दादा," ती मला म्हणाली, "मला वाटलं ह्या बाईनं सगळा जलम एसटीत बोंबलून काढलाय. एवढं फाटकं नरडं आणि तेची लाज म्हणून न्हाय." तोवर प्रीती स्वतःच्या आवाजाची लाज बाळगत होती. शाळेत प्रार्थनेला तिला मागं उभी करायचे.

मग रॉक गाणारी एकेक बाई सापडत गेली. तिकीट मशीनच्या चामडी पट्ट्यावर आतल्या बाजूनं तिनं बॉलपेननं नावं लिहून ठेवली आहेत. चहा आला की त्यावर चर्चा. डोलोरेस ओरिअर्डन तिला आवडते, कारण "ती मधीच आवाज मोडती आणि मोडल्या जागंवरच जोडती." मी म्हणालो, मला पॅटी स्मिथ आवडते, तिला गोड व्हायची हौसच नाही. प्रीती म्हणाली, "तुमचं बरोबर हाय. पण सगळ्यात मोठी टीना टर्नर. उंच टाचा घालून नाचत गाती. कशाचा आधार धरती काय? न्हाय. आवाज नरड्यात नसतोय दादा, पायात असतोय."

मी हसलो होतो. ते हसणं मला पुढं महागात पडलं.

चांगला आवाज कसा ओळखायचा, याचंही तिचं स्वतःचं माप होतं. त्या मापाचं नाव बयाबाई. ही नेसरीची म्हातारी दर आठवड्याला कोल्हापुरात लेकीकडं येते आणि परतताना प्रीतीच्या गाडीत अगदी शेवटच्या शिटावर बसते. कागल यायच्या आत झोपते. गाडी खड्ड्यात आपटो, काचा खडखडोत, शेजारी कोंबडी ओरडो, बयाबाईला फरक पडत नाही. एकदा मी एका कामासाठी चंदगडला निघालो होतो, तेव्हा पाहिलं. नेसरी आली. प्रीतीनं ड्रायव्हरच्या मागून, तिकिटं फाडता फाडता, मान न वळवता हाक दिली, "नेसरीऽऽ!" शेवटच्या शिटावर म्हातारीनं डोळे उघडले, पिशवी छातीशी धरली आणि उठून चालू लागली. कुणी तिला हलवलं नाही.

"बगितलं?" प्रीती मला म्हणाली. "मोठा आवाज म्हंजे चांगला न्हाय. मोठा तर इंजनाचा बी हाय. शेवटच्या शिटावरच्याला वाटलं पायजे, मलाच हाक मारली."

दरवर्षी कोल्हापुरात एका मैदानावर बँडची स्पर्धा होते. गेल्या वर्षी आमची मंडळी त्यात उतरली होती. एक परीक्षक उठून म्हणाले, ताई, गाणं छान, पण आवाज घोगरा आहे, गळ्याला आराम द्या, साफ करा. त्या गृहस्थांना काय म्हणावं ते मला चांगलं माहीत आहे, पण लिहिता येत नाही. यंदा फॉर्म भरताना प्रीतीनं सगळ्यांदेखत सांगितलं, "ह्या बारीला शेवटच्या रांगंपतोर पोचलो तर गाणार. न्हाय पोचलो तर माईक ठेवणार. पोराची धावी, ड्युटी आणि ह्ये, किती दिवस दोन दगडांवर पाय ठेवू?" संघर्षला माहीत होतं, बहीण बोलली की बोलली.

आता माझी चूक. ही चूक जगात फक्त कोल्हापुरात होऊ शकते.

माझे वडील आकाराम वस्ताद. तरुणपणी गाजलेले पैलवान, आता पंच्याहत्तरीला आलेत, दोन्ही कान मोडून पुरीसारखे फुगलेले. त्यांना मी स्पर्धेचं सांगितलं. ते म्हणाले, "कुस्ती तोंडावर आल्यावर पैलवान कामाला जातोय व्हय? खुराक लाव पोरीला." मला ते पटलं. आमच्याकडं कुणी कसल्याही लढतीला निघालं की आम्हाला एकच उपाय सुचतो, त्याला खायला घालणं. मी प्रीतीला स्पर्धेपर्यंतची वीस दिवसांची रजा घ्यायला लावली. सकाळी आमच्या म्हशीचं धारोष्ण दूध, दुपारी बदामाची थंडाई, जेवणात चमचाभर नव्हे, वाटीभर तूप. बुधवारी आणि रविवारी पांढरा रस्सा. गल्लीतल्या बायकांनी ज्येष्ठमध, खडीसाखर, आल्याचा रस आणून दिला. बोलायचं नाही, जिन्यावरून चढउतार करायची नाही, पाणी हातात. बोलायचं असलं तर पाटीवर लिहायचं.

चौथ्या दिवशी तिनं पाटीवर लिहिलं, 'मला गाडीवर जाऊ द्या.' मी ते फडक्यानं पुसलं. खाली लिहिलं, 'गप खा.' एवढा मी शहाणा.

स्पर्धा रविवारी. बुधवारी संध्याकाळी पाटी बाजूला ठेवून ती गोडाऊनमध्ये उभी राहिली. प्रसेनजीतनं काठ्या आपटल्या, संघर्षनं सूर दिला, प्रीतीनं तोंड उघडलं. आणि जो आवाज आला तो अगदी स्वच्छ होता. धुऊन, वाळवून, इस्त्री केल्यासारखा. त्यात काही खरखरत नव्हतं, काही टोचत नव्हतं. दुसऱ्या ओळीला तिला धाप लागली. तिसरीला ती खुर्चीवर बसली.

वस्ताद खुशीत म्हणाले, "गोड झाला की!"

प्रीती रडली. तिला मी लहानपणापासून पाहतोय, ती रडणारी बाई नव्हे. मला इतकी लाज वाटली की मी वायरी गुंडाळायचं सोंग करत पाठमोरा उभा राहिलो. वायरी कुणी सोडल्याच नव्हत्या. दुसऱ्याच्या गळ्याचं मला काय कळतं म्हणून मी त्यात हात घातला? बाई सांगत होती, लिहून सांगत होती.

गुरुवारी सकाळी ती रजा मोडून ड्युटीवर हजर झाली. मीही तिच्या गाडीत बसलो. अपराध केल्यावर माणसाला घरी बसवत नाही. गाडीला गर्दी होती. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात सुट्टे, त्यामुळे कंडक्टरला धरायला हात उरत नाही, हे मी आयुष्यभर पाहत आलो होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं. रोज सात-आठ तास ही बाई हलत्या गाडीत काहीही न धरता उभी असते आणि उभ्या उभ्या हाका देते. पोट आवळलेलं, तळवे पत्र्यावर रोवलेले. तिचा रियाज तोच होता, आणि मी तिला पंधरा दिवस पाटावर बसवून तूप पाजलं होतं. त्या दिवशी प्रत्येक वळणाला ती हेलपाटत होती, दांडी धरत होती. एक प्रवासी म्हणाले, "बाई, बरं न्हाय काय?"

नेसरी आली. "नेसरीऽऽ!" प्रीतीनं हाक दिली. पाचसहा माणसं उतरली. घंटी वाजली, गाडी निघाली. अडकूर आलं तेव्हा तिचं लक्ष मागं गेलं. शेवटच्या शिटावर बयाबाई तोंड उघडं टाकून झोपली होती.

तिला हलवून उठवावं लागलं. म्हातारीनं बाहेर पाहिलं आणि कडाडली. "ह्ये कुटं आणलंस मला? पंधरा दीस गायब, आणि आज हाक बी मारली न्हाईस?"

"मारली की आज्जी."

"मग मला का आली न्हाय?"

प्रीतीनं म्हातारीला खाली उतरवलं, समोरून येणारी गाडी थांबवून त्या कंडक्टरच्या ताब्यात दिलं. चढता चढता म्हातारीचा हात धरून म्हणाली, "रविवारी सांजच्याला कोल्हापुरात या आज्जी. मी गाणार हाय." म्हातारी पुटपुटली, लेकीकडं यायचंच आहे, येते. परत गाडीत आल्यावर प्रीती मला म्हणाली, "दादा, ते परीक्षक राहू द्यात बाजूला. हिला शेवटच्या रांगंत बसवायचं. ही उठली तर मी गाणारी, न्हायतर कंडक्टर."

शुक्रवारी आणि शनिवारी तिनं भरगच्च फेऱ्या मागून घेतल्या. दोन्ही दिवस मी गाडीत होतो, मला कुणी बोलावलंही नव्हतं. शुक्रवारी दुपारी तिनं दांडी सोडली. शनिवारी बाजाराची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही, आणि ही मधोमध उभी. "पावणं, पुढं सरा की! पुढं जागा हाय!" अशी ती एकदा म्हणाली आणि शेवटच्या शिटावर बसलेला मी नकळत उठून उभा राहिलो. माझी तर बसायची जागा होती.

उतरल्यावर मी विचारलं, "गळा कसा हाय?"

"गळ्याला काय धाड भरलीया? पाय दुखाय लागल्यात," ती म्हणाली आणि पंधरा-वीस दिवसांनी प्रथमच हसली.

रविवारी मैदानावर सिस्टीम माझीच होती. मिक्सरचं टेबल सगळ्यात मागं लावलं आणि त्याच्याच बाजूला, शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बयाबाईला बसवलं. पिशवी मांडीवर. आमच्या आधी एक बँड वाजला, पोरं कॉलेजची होती, आवाज असा की माझ्या टेबलावरचा चहा कपात नाचत होता. त्यांचं पहिलं गाणं संपायच्या आत म्हातारी झोपली. पोरांचं चुकलं नव्हतं, म्हातारीला गोंगाटाची सवय होती.

मग प्रीती आली. ड्युटीचेच काळे बूट घातलेले, पाय फाकवून उभी. माईकच्या दांडीला तिनं हातही लावला नाही. येताना मला बजावलं होतं, "इको टाकायचा न्हाय, आवाज चढवायचा न्हाय. माझं मला बगू द्या." माझं बोट मात्र मिक्सरवर शिवशिवत होतं. बटण थोडं वर सरकवलं तर कुणाला कळणार होतं? मी दोन्ही हात काखेत दाबून बसलो. एकदा फडकं मारून तिचं म्हणणं पुसलं होतं, आता पुन्हा पुसायचं नव्हतं.

गाणं तिनंच लिहिलेलं. पण शब्दांच्या आधी एक लांब आलाप आहे, आलाप कसला, हाकच ती. पोटातून उठली, वर चढत गेली, वर जाऊन मोडली आणि मोडल्या जागेवरच पुन्हा जोडली गेली. खरखर होती, टोचत होती. माझ्या अंगावर काटा आला. तरी मी स्टेजकडं पाहत नव्हतो, कडेच्या खुर्चीकडं पाहत होतो.

बयाबाईनं डोळे उघडले. पिशवी छातीशी धरली आणि उभी राहिली.

"आज्जी, बसा," मी म्हणालो. "नेसरी न्हाय आली."

"मला हाक मारली तिनं," म्हातारी म्हणाली.

स्टेजवरून प्रीतीला ती उभी राहिलेली दिसली. गाता गाता तिनं डोळे पुसले आणि संघर्षकडं बघून मान हलवली. मग शब्द सुरू झाले, 'पुढं सरा की, पुढं जागा हाय.' खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं बयाबाई पिशवी सांभाळत पुढं निघाली होती. मागच्यांना दिसत नव्हतं म्हणून कुणीतरी तिला ओरडलं. मी त्याला गप्प बसवलं आणि म्हातारीला जाऊ दिलं.