कुलपाआड वाजणारा डबा

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन काका लॉकडाऊनवरून पुन्हा हमरीतुमरीवर आले. एक म्हणे, सरकारने आणखी कडक व्हायला हवं होतं... दुसरे म्हणे, माणसं कोंडून मारली. इतकी वर्षं झाली तरी यांचं गुऱ्हाळ चालूच. मीही तावातावाने चार ओळी टाइप केल्या आणि पुसून टाकल्या... कारण मला सुरतेतला एक डबा ऐकू यायला लागला.

साल चौऱ्याण्णव. मी अकरा वर्षांची, राहायला सुरतेच्या नवागामला. बाबा पॉवरलूमवर कामाला. गल्लीत बहुतेक सगळे आमच्यासारखेच खानदेशातून आलेले, त्यामुळे भाद्रपदात घरोघरी गुलाबाई, म्हणजे पार्वतीची मातीची मूर्ती, बसायची. आम्ही मुली रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरायचो आणि शेवटी खाऊ ओळखायचा खेळ. घरातलं कुणीतरी बंद डबा वाजवणार, आपण आवाजावरून सांगायचं... शेंगदाणे, फुटाणे, साखरफुटाणे. चुकलं की डबा परत वाजणार. ओळखल्याशिवाय उघडायचा नाही, हा नियम.

त्या वर्षी गुलाबाई बसली आणि शहरात प्लेग आला.

एका दुपारी लूम थांबले. जन्मापासून कानात असलेली खटखट अचानक बंद झाली आणि मला वाटलं, माझे कानच गेले. स्टेशनकडे माणसांची रीघ लागली.

गल्लीच्या तोंडाशी रोज भांडणं. बाबांचं म्हणणं, शहराला कुलूप घाला, कुणाला बाहेर सोडू नका, नाहीतर आपणच हा रोग गावाला पोचवू. समोरच्या घरातले काशिनाथकाका भडकायचे... "सरकारवालास्नी आपला पोरे पहिलेच धाडी दिधात, आनि आम्हले सांगतस, घरमा बसा." बाबाही हट्टी. पालिकेची माणसं आजाऱ्यांची यादी करत फिरायची; बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "जो आजारी मानूस लपाडी, त्यानं नाव मी सोता लिखाडी दिसू."

दुसऱ्या दिवशी सकाळी काशिनाथकाकांच्या दाराला कुलूप. गेले गावाला, सगळे म्हणाले. त्यांची रेखा माझी जिवलग मैत्रीण. न सांगता गेली म्हणून मी दिवसभर फुरंगटून बसले.

मग एकेक घर बंद होत गेलं. घाईत कुणी गुलाबाई उचललीच नव्हती. मी खिडक्यांतून डोकावायची... आत अंधार, आणि कोनाड्यात रंगवलेले डोळे घेऊन ती मातीची बाई एकटीच बसलेली. अख्ख्या गल्लीत आम्ही आणि त्या. बघवायचं नाही, पण बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी डबा वाजला.

खळ्-खळ्... थांबला... पुन्हा खळ्-खळ्. आवाज रेखाच्या घरातून. बाहेर कुलूप जसंच्या तसं.  मला खरंच वाटलं, आत गुलाबाईच वाजवतेय.

पळून जायचं, तर मी दाराशी गेले. सवयीने तोंडातून निघालं, "फुटाणे?" डबा वाजला. म्हणजे चूक. "शेंगदाणे?" पुन्हा वाजला. साखरफुटाणे, चणे, खडीसाखर... मला ठाऊक असलेला सगळा खाऊ संपला. डबा आता हळूहळू वाजत होता, जणू वाजवणाऱ्याच्या हातात जोरच नाही. असा वाजणारा खाऊ मी कधीच ऐकला नव्हता.

फटीला डोळा लावला. अंधारात एक हात दिसला. मनगटावर हिरव्या बांगड्या... जत्रेत रेखाने आणि मी सारख्याच घेतल्या होत्या, तशा.

आता सांगायचं कुणाला? घरात फक्त आईबाबा, आणि बाबा तर नाव लिहून देणार. रेखाला गाडीत घालून नेणार, आणि नेलेली माणसं परत येत नाहीत, असं तेव्हा जो तो म्हणायचा. मी पायरीवर बसून रडले. पण आतला डबा थांबला, तेव्हा धावत जाऊन बाबांनाच उठवलं.

बाबा तडक उठले. लूमचा पाना घेऊन आले आणि तीन घावांत कुलूप तोडलं. आत रेखा आणि काकू, दोघी तापाने फणफणलेल्या. माठ कोरडा. बाबा नाव देतील या भीतीने काका बाहेरून कुलूप लावून गावाहून गाडी आणायला गेले होते... उद्या येतो म्हणाले होते, पण त्या गर्दीत परत येणं जमलंच नाही. आवाज काढायचा नाही, अशी काकूंनी रेखाला शपथ घातली होती. डबा वाजवायचा नाही, असं मात्र कुणी म्हटलं नव्हतं.

डब्यात कॅप्सूल निघाल्या. प्लेगवर म्हणून पालिकेने घरोघर वाटलेल्या, त्याच. खाल्ल्या की नाव यादीत जातं, या अफवेला भिऊन काकूंनी त्या गुलाबाईपुढे ठेवून दिल्या होत्या.

बाबांनी कापडाचे तागे न्यायच्या हातगाडीवर दोघींना घातलं आणि भर उन्हात दवाखान्यापर्यंत एकट्याने ढकलत नेलं. प्लेग नव्हताच, मलेरिया निघाला. आठव्या दिवशी दोघी घरी आल्या.

काका परतले तेव्हा मला वाटलं, आता जुंपणार. काका दारातल्या तुटक्या कुलपाकडे बघत उभे होते. बाबा जवळ गेले आणि खाली मान घालून म्हणाले, "ते कुलूप मीच लावेल व्हतं, काशिनाथ." काका पायरीवर बसले आणि सरकून बाबांना जागा केली.

बाबा बरोबर होते की काका, मला आजही सांगता येत नाही. पण त्या दुपारी मी बाबांनाच हाक मारली आणि ते उठले, यासाठी मी त्यांची जन्मभराची ऋणी आहे.

परवा ग्रुप म्यूट केला आणि रेखाला फोन लावला. ती आता सुरतेतच उधन्याला असते, चाळिशीतच नात झाली म्हणून खुशीत होती. बोलता बोलता म्हणाली, थांब... आणि फोनपाशी डबा वाजवला.

पहिल्याच फटक्यात ओळखलं. शेंगदाणे.