हुंकाराला आधार कुणाचा?

संवादशास्त्राच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक मोबाईलवर बोट फिरवत बसले होते. समोर माझी विद्यार्थिनी सुनंदा बोलत होती. तिच्या गावात कहाणी ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हणत राहायचं असतं. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. म्हणजे कहाणी दोघं मिळून सांगतात, असं तिनं प्रबंधात मांडलं होतं.

“हा सिद्धांत कुणाचा?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“माझाच, सर. आत्याच्या कहाण्या ऐकताना सुचला.”

“आत्या? एखाद्या परदेशी अभ्यासकाचा आधार द्या, नाहीतर हे प्रकरण काढून टाका.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या शास्त्राचा बराचसा पाया कुणी घातला? टेलिफोनच्या तारेतून संदेश नीट जातो का आणि युद्धातला प्रचार लोकांच्या गळी उतरतो का, हे तपासणाऱ्यांनी. त्यांचे प्रश्न त्यांच्या गरजेचे होते. आम्ही मात्र ते देव्हाऱ्यात बसवले. आता आपल्याच ओसरीवर माणसं कशी बोलतात हे सांगायलाही आम्हाला परक्याची चिठ्ठी लागते!

सुनंदाचा चेहरा उतरला होता, पण आवाज नाही. “नापास केलंत तरी चालेल, सर. प्रकरण राहील.”

तेव्हा कुठे त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग ‘प्रकरण वगळावे’ असा शेरा लिहून कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला.

मी पेनाला टोपण लावलं.